होट्टलच्या भिंती आणि उगवतीचे ऊन

प्राचीन वास्तू सूर्योदयाच्या वेळी पाहावी, असा सल्ला प्रवासवर्णनांतून इतक्या वेळा दिला जातो की त्यामागचे कारण विचारण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. आग्र्याचा ताजमहाल पर्यटकांसाठी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो आणि त्या घटकेला तेथे गर्दी होते. तिची कारणे म्हणून सकाळचा गारवा, तुलनेने मोकळे आवार आणि छायाचित्रांना अनुकूल असा सौम्य प्रकाश यांचा उल्लेख होतो. ही कारणे खरी असली तरी ती गुळगुळीत संगमरवराच्या वास्तूला जितकी लागू पडतात, तितकी कोरीव दगडी मंदिराला पुरत नाहीत. ज्या मंदिराची भिंत मूर्तींनी भरलेली असते तेथे सूर्याची उंची आणि दिशा यांवर मूर्ती दिसणे किंवा न दिसणे अवलंबून असते, आणि हे समजून घेण्यासाठी नांदेड जिल्ह्याच्या देगलूर तालुक्यातील होट्टल येथील सिद्धेश्वर मंदिर हे एक उत्तम ठिकाण आहे.

महाराष्ट्र, तेलंगणा आणि कर्नाटक यांच्या सीमा जेथे जवळ येतात त्या टापूत देगलूर वसलेले असून, तेथून होट्टल अवघ्या ८-१० किलोमीटरांवर आहे. आज हे लहान गाव असले तरी येथील मंदिरांचे अवशेष आणि कोरीव लेख पाहता कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात या स्थळाला मोठे महत्त्व होते, याविषयी शंका राहत नाही. दुसऱ्या तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता संपवून इ. स. ९७३ मध्ये या घराण्याचा पाया घातला, पुढे पहिल्या सोमेश्वराच्या काळात आजचे बसवकल्याण म्हणजे त्या वेळचे कल्याणी ही राजधानी झाली, आणि १०७६ ते ११२६ असे अर्धशतक राज्य करणाऱ्या सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत या राजवटीचा वैभवकाळ आला. नांदेड जिल्ह्यातील कोरीव लेखांचे वाचन करून श्रीनिवास रित्ती आणि जी. सी. शेळके यांनी ते १९६८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांतील कन्नड लेखांची संख्या पाहिली म्हणजे आजच्या भाषिक सीमा त्या काळाला लावता येत नाहीत, हे ध्यानात येते. अशा मंदिरांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणण्याची सवय मराठवाड्यात खोलवर रुजली आहे. परंतु हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री होता, आणि होट्टलची चालुक्यकालीन परंपरा त्याच्या जन्माआधीची आहे.

मंदिराचा बाह्यभाग खालून वर वाचावा लागतो. सर्वांत खाली जोते, म्हणजे शास्त्रीय परिभाषेत अधिष्ठान, असते आणि त्यावर आडव्या थरांची रचना असते; त्याच्या वर मूर्ती धारण करणारी उभी भिंत येते, तिच्या मुख्य पट्ट्याला जंघा म्हणतात; जंघेच्या वर बाहेर डोकावणारा वळचणीसारखा थर म्हणजे कपोत होय. ही भिंत सपाट नसते. ती टप्प्याटप्प्याने पुढे आलेली आणि मागे सरलेली असते, आणि त्या पुढे आलेल्या भागांवर व मागच्या खाचांत देव, द्वारपाल आणि सुरसुंदरी यांच्या मूर्ती बसवलेल्या असतात. सुरसुंदरी म्हणजे आरशात पाहणारी, पायातील नूपुर बांधणारी, वाद्य वाजवणारी, पत्र लिहिणारी अशा निरनिराळ्या भावांतील स्त्रीप्रतिमा असून, शिल्पग्रंथांनी त्यांना कृतीनुसार स्वतंत्र नावे दिली आहेत. सिद्धेश्वर मंदिराची ख्याती मुख्यतः या सुरसुंदरींमुळे आहे. या प्रकारच्या शिल्पांकडे केवळ शोभेच्या वस्तू म्हणून न पाहता मंदिराच्या एकूण योजनेचा अर्थपूर्ण भाग म्हणून पाहण्याची दृष्टी मराठी वाचकांना देण्यात डॉ. गो. बं. देगलूरकर यांचा वाटा मोठा आहे. डेक्कन कॉलेजचे अध्यक्षपद भूषवलेल्या आणि महाराष्ट्रातील मंदिरस्थापत्यावर १९७४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासकाच्या आडनावातच देगलूर आहे.

उठावाचे शिल्प डोळ्यांना दिसते ते त्याच्या सावलीमुळे. मूर्ती आणि तिच्या मागची भिंत एकाच दगडाची आणि एकाच रंगाची असल्याने, सावली नसेल तर कंकणाची कड, वस्त्राची घडी किंवा बोटांमधील अंतर पार्श्वभूमीत विरून जाते. भिंतीवर प्रकाश समोरून काटकोनात पडला तर उठावाची सावली त्याच्याच मागे लपते. तोच प्रकाश भिंतीला जवळजवळ समांतर आला तर एक सेंटीमीटरचा उठावही स्वतःहून कितीतरी लांब सावली टाकतो. गिलाव्याची पातळी पाहताना गवंडी बॅटरी भिंतीला चिकटवून धरतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे. दुपारी सूर्य माथ्यावर असताना कपोताची सावली संपूर्ण जंघेवर उतरते आणि मूर्तींचे चेहरे काळवंडतात. देगलूर परिसराचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश उत्तर असल्याने मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस तर येथे सूर्य अगदी डोक्यावर येतो, म्हणजेच शून्य सावलीचा दिवस घडतो. मंदिराच्या भिंती पाहण्यासाठी त्या दिवसाच्या दुपारइतकी गैरसोयीची वेळ दुसरी नसावी.

यावरून सूर्योदयाला पूर्वेची भिंत पाहावी असा निष्कर्ष कोणी काढील, पण तो चुकीचा आहे. उगवता सूर्य पूर्वेच्या भिंतीवर समोरून प्रकाश टाकतो. त्या भिंतीला सोनेरी रंग चढतो, छायाचित्र मोहक येते, परंतु कोरीव कामाची खोली हरवते. सकाळच्या उन्हाचा खरा लाभ दक्षिण आणि उत्तर या बाजूंच्या भिंतींना होतो, आणि कोणत्या भिंतीला तो केव्हा होतो हे ऋतू ठरवतो. सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनदाच, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. २२ डिसेंबरच्या आसपास देगलूरच्या क्षितिजावर तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला, तर २१ जूनच्या आसपास तितकाच उत्तरेला उगवतो. त्यामुळे हिवाळ्यात सकाळी पावणेसात ते सातच्या दरम्यान उगवणारा सूर्य दक्षिणेच्या भिंतीशी अवघा २५ अंशांचा कोन करतो, आणि त्या वेळी एक सेंटीमीटर उठावाची सावली दोन सेंटीमीटरांहून थोडी अधिक लांब पडते. दागिन्यांचे बारकावे टिपण्यासाठी याहून नेमकी वेळ शोधावी लागणार नाही. सूर्य जसजसा वर आणि दक्षिणेकडे सरकतो तसतशा या आडव्या सावल्या आखडतात आणि वरून पडणाऱ्या सावल्या लांबतात, म्हणून एकच मूर्ती सात वाजता आणि नऊ वाजता पाहिली तर तिच्या वेगवेगळ्या रेषा ठळक होतात. पश्चिमेची भिंत मात्र या सगळ्या वेळात सावलीतच राहते. तिच्यासाठी संध्याकाळ राखून ठेवणे भाग आहे.

दिशांचा हा विचार मंदिर बांधणाऱ्यांना अपरिचित होता असे मानण्याचे कारण नाही, कारण बांधकामाचा प्रारंभच पूर्व दिशा निश्चित करण्यापासून होत असे. त्यासाठी सपाट केलेल्या जमिनीवर वर्तुळ आखून त्याच्या मध्यबिंदूवर शंकू, म्हणजे सरळ उभी खुंटी, रोवली जाई. सकाळी तिच्या सावलीचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करते आणि दुपारनंतर ते जेथून वर्तुळाबाहेर पडते, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. ही रीत सूर्यसिद्धान्तासारख्या ज्योतिषग्रंथांत आणि वास्तुग्रंथांतही सांगितलेली आहे. मात्र प्रत्येक मूर्तीवर कोणत्या दिवशी किती वाजता किरण पडावेत याचे गणित शिल्पकाराने मांडले होते, असे दावे हल्ली उत्साहाच्या भरात केले जातात, ते जपूनच स्वीकारलेले बरे. चारही बाजूंना मूर्ती घडवणाऱ्याला प्रत्येक बाजूला कधी ना कधी तिरके ऊन मिळणारच होते.

सूर्योदयाचा नियम सर्व वास्तूंना सारखा लावता येत नाही, हे काही प्रसिद्ध उदाहरणांवरून स्पष्ट होते. वेरूळचा डोंगरकडा पश्चिमाभिमुख असून कैलास लेण्याचे प्रवेशद्वारही पश्चिमेला आहे, त्यामुळे तेथील दर्शनी भागाला उन्हाचा लाभ दुपारनंतर होतो. कंबोडियातील अंकोरवाटही पश्चिमाभिमुख आहे. तेथे पहाटे जमणाऱ्या हजारो पर्यटकांना दिसतात ते शिखरांचे काळे आकार, कारण सूर्य त्यांच्या मागून उगवतो आणि कोरीव काम त्या वेळी अंधारात असते. कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिरातील किरणोत्सव हा मावळतीच्या किरणांचा सोहळा आहे.

होट्टलला जाणाऱ्याने देगलूरला मुक्काम करून पहाटे निघणे सोयीचे ठरते. सिद्धेश्वर मंदिराचे जतन राज्याच्या पुरातत्त्व विभागाने केले असले तरी ते गावाचे पूजास्थानही आहे, म्हणून सकाळच्या पूजेत अडथळा न आणता आधी बाहेरून प्रदक्षिणेच्या दिशेने भिंती पाहाव्यात आणि गर्भगृहाकडे नंतर वळावे; डोळे उन्हाला सरावलेले असल्याने आतल्या अंधारात काही दिसू लागण्यासाठी थोडा वेळ थांबावे लागते, हे गृहीत धरावे. प्राचीन वास्तूंवर रात्री सोडल्या जाणाऱ्या विजेच्या झोताविषयीही येथे बोलायला हवे. जमिनीवरून वर सोडलेला झोत हनुवटी आणि भुवयांच्या सावल्या उलट्या पाडतो, त्यामुळे शांत चेहरे उग्र भासतात. दिवे लावायचेच असतील तर ते बाजूने आणि उंचीवरून लावणे शिल्पाला न्याय देणारे ठरेल.

राहता राहिली उत्तरेची भिंत. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत तिच्यावर थेट ऊन पडतच नाही, त्यामुळे पर्यटनाच्या नेहमीच्या हंगामात येणाऱ्यांना ती निस्तेज वाटते आणि तिच्यावरील मूर्ती दुय्यम असाव्यात असा गैरसमज होतो. जूनमध्ये सूर्य सर्वांत उत्तरेला उगवत असला तरी तेव्हा पावसाचे ढग आकाश व्यापू लागतात. म्हणून या भिंतीसाठी एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे हाच काळ उरतो: एप्रिलअखेर ऊन सकाळी साडेनऊच्या सुमारापर्यंत तिच्यावर राहते, मेच्या मध्यास ते जवळजवळ दुपारपर्यंत टिकते, आणि त्या दिवसांत पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवत असल्याने मराठवाड्याचा उन्हाळा असह्य होण्यापूर्वी पाहणाऱ्याला दोन-अडीच तास सहज मिळतात.