घोड्याच्या तोंडातले लोखंड

पोळा आठवड्यावर आला की पिंपळगाव राजाच्या बाजारात किंवा जवळच्या खामगावात दोरखंडाच्या दुकानांपुढे शेतकऱ्यांची दाटी होते. कासरे, घुंगरमाळा, म्होरक्या आणि वेसणी ह्यांची ती खरेदी. वेसणीला आपल्या वऱ्हाडात येसन म्हणतात. ही बारीकशी दोरी बैलाच्या दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यातून ओवलेली असते, आणि तिच्या जोरावर दहा वर्षांचा मुलगा आडदांड बैलाला ओढ्यावर पाण्याला नेतो. म्होरकी मात्र नाकातून जात नाही. ती तोंडाभोवती आणि कानांमागून बांधलेली असते. गोऱ्हा लहान असतो तोवर म्होरकीवर भागते, पुढे वेसण घालतात.

घोड्याच्या नाकात आपण अशी दोरी ओवत नाही. त्याला आवरण्यासाठी माणसाने वेगळी जागा शोधून काढली. ही जागा घोड्याच्या जबड्यात जणू तयारच होती!

घोड्याच्या खालच्या जबड्यात पुढे सहा पटाशीचे दात असतात. नर असेल तर त्यांच्या मागे बहुधा दोन सुळे. त्यानंतर काही अंतर दात नाहीतच. मग दाढांची रांग सुरू होते. ह्या मोकळ्या जागेत हिरडीच्या पातळ आवरणाखाली जबड्याच्या हाडाची अरुंद कड असते. लगामाचा लोखंडी भाग इथेच, जिभेवरून आडवा बसतो. आपण एरवी सगळ्या साजालाच 'लगाम' म्हणतो. पण तोंडातल्या लोखंडाला कडियाळे असे जुने, नेमके नाव आहे. स्वाराच्या हातातले चामड्याचे पट्टे म्हणजे वाद्या. ह्या लेखात आपण हेच शब्द वापरू.

ती हाडाची कड किती नाजूक असेल, ह्याचा अंदाज घरच्या घरी घेता येतो. एक पेन्सिल आडवी धरून पायाच्या पोटरीवर दाबा. आता तेवढ्याच जोराने ती नडगीवर दाबा. पोटरीवर काहीच वाटले नाही, नडगीवर मात्र कळ आली, होय ना? पोटरीवर मांसाची गादी आहे; नडगीवर कातडी आणि लगेच हाड. घोड्याच्या त्या मोकळ्या जागेत नडगीसारखीच स्थिती असते. आता पेन्सिलीऐवजी लाकडी पट्टी सपाट ठेवून दाबा. जोर तोच, पण त्रास कमी. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र तुम्ही पाठ केलेलेच आहे. म्हणून जाड, गुळगुळीत कडियाळे सौम्य असते आणि बारीक किंवा पीळ दिलेले कडियाळे कठोर. पण फार जाडही नको. घोड्याचे तोंड आतून आपल्याला वाटते तेवढे मोठे नसते. जीभच ते जवळजवळ भरून टाकते.

कडियाळ्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात दोन बाजूंना दोन कड्या असतात आणि वाद्या थेट त्या कड्यांनाच बांधतात. इंग्रजीत ह्याला स्नॅफल म्हणतात. स्वाराने दोन किलोग्रॅम-भाराचे बल लावले तर तोंडावर तेवढेच बल पडते. दुसऱ्या प्रकारात कडियाळ्याच्या दोन्ही टोकांना उभ्या दांड्या असतात. दांडीचे वरचे टोक डोक्यावरच्या पट्ट्याला जोडलेले, खालच्या टोकाला वाद्या, आणि हनुवटीखालून एक साखळी. ही चक्क तरफ आहे. समजा, कडियाळ्यापासून वरची दांडी ४ सेंमी. आणि खालची १२ सेंमी. आहे. वाद्यांवर २ किलोग्रॅम-भार ओढ दिली तर २ × १२ = क्ष × ४, म्हणून हनुवटीच्या साखळीवर ६ किलोग्रॅम-भार येतो. आणि तोंडातल्या लोखंडावर? पुष्कळ जण ६ म्हणतील. पण ते दोन्ही बलांच्या मध्ये आहे, म्हणून त्याला दोहोंची बेरीज सोसावी लागते: ८ किलोग्रॅम-भार. हात दोनचा आणि तोंडाला आठ! शाळेतली मीटरपट्टी आणि तानकाटा घेऊन हे करून पाहायला हरकत नाही.

दांड्यांचे कडियाळे म्हणजे क्रूरच, असे मात्र ह्यावरून म्हणू नका. कसलेला स्वार दोन बोटांनी वादी नुसती हलवतो. दांडी थोडी फिरते, घोड्याला पुढची सूचना कळते आणि तो आधीच वळतो. ओढायची वेळ येतच नाही. पण हेच साधन नवशिक्याच्या हाती दिले की तोल जाताक्षणी तो वाद्यांना लटकतो, आणि तरफ आपले गणित चुकवत नाही.

आता चालीकडे वळू, कारण आपल्या महाराष्ट्रात घोड्याची खरी पारख चालीवर होते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजारात दूरदूरच्या प्रांतांतून घोडे येतात. कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकू पाहणारे मारवाडी आणि काठेवाडी घोडे तिथे दिसतात, आणि बघ्यांची गर्दी जमते ती रेवाल चाल पाहायला. घोडा वेगाने जात असतो, पण स्वार पाटावर बसल्यासारखा स्थिर.

हे कसे साधते? दुडकीत घोडा पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम टाकतो, मग दुसरी तिरपी जोडी. म्हणजे टापांचे दोन ठोके, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये सबंध घोडा क्षणभर हवेत. स्वार उसळणारच. रेवालमध्ये चारही पाय वेगवेगळे पडतात: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. चार ठोके, आणि कुठला ना कुठला पाय जमिनीवर असतोच. बाकावर बोटांनी आधी दोन-दोन आणि मग एकेक असे ठोके वाजवून पाहा. घोडा न पाहताही चाल ओळखण्याची युक्ती तुम्हाला साधेल.

घोड्यांच्या बाजारात एक समजूत फार ऐकू येते. चालीच्या घोड्याला कडक लगाम हवा, तोंड धरून मान उंच ठेवली नाही तर तो चाल मोडून दुडकीवर येतो. ह्यात थोडे तथ्य आहे. मान उंचावली की शरीराचा भार मागच्या पायांकडे सरकतो आणि पुढचे पाय हलके होतात. पण चाल कडियाळ्यातून निघत नाही. ती निघते पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून. २०१२ मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात असे आढळले, की आइसलँडच्या घोड्यांची खास चाल डीएमआरटी-३ ह्या जनुकातील एका बदलाशी निगडित आहे. पायांचा मेळ घालणाऱ्या मज्जारज्जूतील चेतापेशींच्या घडणीत ह्या जनुकाचा वाटा असतो. जगातल्या चालीच्या अनेक जातींत तो बदल पुढे सापडला. तेव्हा चालीचा बराचसा भाग घोडा जन्मतःच घेऊन येतो, उरलेला चाबूकस्वाराच्या कसलेल्या शिकवणीने येतो. दुखऱ्या तोंडामुळे मान वर फेकणारा घोडाही दुरून रुबाबदार दिसतो. पण त्याची पाठ खाली खचलेली असते आणि स्वाराचा भार नेमका त्या खचलेल्या पाठीवर पडतो. मान उंच का आहे, हे तोंडाजवळ जाऊन पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

आइसलँडमध्ये ते खरोखरच पाहण्यात आले. तिथल्या घोड्यांची टोल्ट नावाची चाल रेवालसारखीच चार ठोक्यांची. २०१२ मधल्या दोन मोठ्या स्पर्धांत पशुवैद्यांनी ४२४ घोड्यांची तोंडे तपासली आणि निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या दांड्यांच्या कडियाळ्याला मध्यभागी कमान होती, ते वापरणाऱ्या घोड्यांच्या हाडाच्या कडेवर जखमा फार जास्त आढळल्या. गंमत अशी, की ती कमान जिभेला मोकळीक मिळावी ह्या सद्भावनेनेच ठेवतात! पण जीभ कमानीत शिरली, की गादीसारखी खाली राहून दाब सोसणारे काही उरत नाही. सगळा भार हाडावर. पुढे त्या देशातल्या स्पर्धांत अशा कडियाळ्यावर बंदी आली. साध्या कडियाळ्याचे घोडेही अगदी निर्दोष नव्हते. त्यांच्या जखमा ओठांच्या कोपऱ्यांकडे आणि गालांच्या आतल्या बाजूला होत्या. साधन बदलले, दुखण्याची जागा बदलली.

मग लोखंडच नको, म्हणून म्होरकीवर घोडा चालवला तर? कल्पना नवी नाही. इ.स.पू. २१८ ते २०१ ह्या काळातल्या रोम-कार्थेज युद्धात हॅनिबलच्या सैन्यातले नुमिडियन स्वार लगामाशिवाय लढत, असे जुने लेखक सांगतात. आजही आंतरराष्ट्रीय अडथळा-उड्यांच्या स्पर्धांत कडियाळ्याविना लगाम चालतो. त्यात दाब तोंडाऐवजी नाकाच्या हाडावर, हनुवटीवर, गालांवर किंवा कानांमागे पडतो.

पण इथेही नडगीचा धडा विसरू नका. स्वतःच्या नाकावरून बोट खाली फिरवा. वर कठीण हाड लागते, खाली मऊ कूर्चा. घोड्याचेही तसेच आहे; नाकपुडीकडे जाताना त्याचे हाड निमुळते, पातळ होत जाते. शिवाय घोडा आपल्यासारखा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्याला फक्त नाकाचाच आधार. नाकपट्टा फार खाली बसला तर दाब कूर्चेवर येतो आणि धावताना श्वास कोंडतो. काही कडियाळ्याविना लगामांना दांड्याही असतात, म्हणजे पुन्हा तरफ आलीच. बारीक दोरीचा, गाठींचा नाकपट्टा आणि त्याला दांड्या, हे साधन जाड गुळगुळीत कडियाळ्यापेक्षा कितीतरी कठोर ठरेल. 'कडियाळे नाही' म्हणजे 'दुखत नाही' असे नव्हे.

ह्या विषयावरचे प्रयोग वाचताना सावध राहावे लागते. रॉबर्ट कुक हे पशुवैद्य कडियाळ्याचे कडवे विरोधक. हनुवटीखालून पट्टे एकमेकांना ओलांडतात अशा लगामाचा त्यांनी पुरस्कार केला. त्यांच्या २००९ मधल्या एका प्रयोगात तेच घोडे आधी कडियाळ्यावर आणि मग त्या नव्या लगामावर चालवले, आणि दुसऱ्या वेळी त्यांना पुष्कळ जास्त गुण मिळाले. निकाल लक्ष वेधणारा आहे खरा. पण घोडे होते चारच. आणि प्रत्येकाने तीच कसरत दुसऱ्यांदा केली होती. सरावाने किती सुधारले आणि लगामाने किती, हे वेगळे कसे काढायचे? तुम्ही हा प्रयोग कसा मांडला असता? निम्म्या घोड्यांचा क्रम उलटा ठेवणे तरी सुचतेच. वर्गात ह्यावर वाद घालण्यासारखा आहे.

तर मग निवड कशी करायची? माझे मत विचाराल तर लगाम विकत घेण्यापूर्वी घोड्याचे दात पशुवैद्याला दाखवावेत. पहिल्या दाढेपुढे काही घोड्यांना एक लहानसा जादा दात असतो आणि कडियाळे त्यावर आपटते. दाढेची धारदार कड गालाला कापत असते. असा घोडा डोके झटकतो. मालक म्हणतो, घोडा हट्टी आहे, आणि आणखी कडक कडियाळे आणतो! दात ठीक असतील, तर मग स्वाराचा हात पाहावा. चालीच्या घोड्याची मान प्रत्येक पावलाबरोबर थोडी खाली-वर होते. हात तिच्याबरोबर मागे-पुढे होत नसेल, तर तोंडाला दर पावलाला धक्का बसतो, मग कडियाळे कितीही सौम्य असो. शिकणाऱ्याला साधे, गुळगुळीत कडियाळे किंवा रुंद नाकपट्ट्याची म्होरकी द्यावी आणि बंदिस्त जागेत शिकवावे. तोंडात जखम असलेल्या घोड्याला ती भरेपर्यंत म्होरकीच योग्य. बसण्याच्या आणि पायांच्या इशाऱ्यांवर चालायला शिकलेल्या घोड्याला दोन्ही चालतात. दांड्यांचे कडियाळे ज्याच्या हाती द्यायचे, तो स्वार वाद्या सैल सोडूनही चाल टिकवू शकतो का, हे आधी पाहावे.

एका साधनाबाबत मात्र निवडीचा प्रश्नच नाही. काही कडियाळ्यांना आतल्या बाजूने टोकदार काटे असतात. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याखाली १९६५ मध्ये ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी जे नियम झाले, त्यांतल्या आठव्या नियमाने काटेरी कडियाळ्याला मनाई केली. तरीही ती वरातीच्या घोड्यांच्या तोंडात सापडत आली आहेत.

लग्नसराईत वरात तुमच्या दारावरून जाईल, तेव्हा बँडकडे थोडे दुर्लक्ष करून घोडीच्या तोंडाकडे पाहा. ओठांचे कोपरे सोललेले आहेत का? फेस नुसता पांढरा आहे की तांबूस? तोंड सारखे उघडे आहे का, जीभ बाहेर लोंबते आहे का? आणि आणखी एक गोष्ट पाहा. नवरदेवाच्या हातात वाद्या असल्या तरी घोडी तो चालवत नाही. चालवतो तो तिच्या डोक्याशी दोरी धरून पायी चालणारा माणूस. एवढ्या कामाला साधी म्होरकीही पुरते.