मुठेला मातीचा काठ हवा

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यातल्या केशवनगर-खराडी भागात मुळा-मुठेवर कीटकांचे उंच मनोरे उठले आणि त्यांची चित्रफीत देशभर फिरली. सगळे त्यांना डास म्हणाले. तज्ज्ञांच्या मते मात्र त्यांत मोठा भरणा कायरोनोमिड कीटकांचा होता. हे डासांचे नातलग, पण चावत नाहीत. संध्याकाळी नरांचे थवे माद्यांसाठी हवेत तरंगतात आणि काही दिवसांत मरूनही जातात. त्यांचं बरंचसं आयुष्य जातं ते नदीच्या तळाशी, अळीच्या रूपात.

अशा नदीच्या तळचा काळा गाळ मूठभर काढून पांढऱ्या थाळीत पाणी घालून कालवला, तर त्यात सुतासारख्या लालभडक अळ्या वळवळताना दिसतात. हा रंग हिमोग्लोबिनचा. बहुतेक कीटकांमध्ये ते काम करताना दिसत नाही. या अळीच्या शरीरद्रवात मात्र ते विरघळलेलं असतं आणि ऑक्सिजनला इतकं घट्ट धरून ठेवतं, की मासा तडफडून मरेल अशा पाण्यातही अळी जगते. तळात बाकीचे जीव नाहीसे होऊन याच अळ्यांची गर्दी झाली, की प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधीच नदीचं दुखणं कळतं.

हे दुखणं साध्या हिशेबाचं आहे. २५ अंश तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तेवढ्याच मैलापाण्यातली घाण पचवताना जिवाणू पाच दिवसांत २०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त ऑक्सिजन वापरतात. एवढी तूट भरून काढायला भरपूर वाहतं पाणी लागतं, आणि मुठेकडे नेमकं तेच नाही. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि १८७९ सालचं खडकवासला अशी चार धरणं तिच्या खोऱ्यात आहेत. पावसाळा सरला की त्यांचं पाणी कालव्यात आणि नळांत जातं; शहरातल्या पात्रात उरतं ते मुख्यतः आपणच सोडलेलं सांडपाणी.

जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जातून ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं उभारायची, रोज ३९६ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करायचं, ही ९९० कोटींची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली. ती हवीच. पण केंद्र बांधलं तरी नाल्यातला मैला तिथवर पोचायला हवा. शिवाय नेहमीच्या पद्धतीचं केंद्र सेंद्रिय घाण बरीच काढतं, नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र पुष्कळसे तसेच सोडतं. जलपर्णी फोफावते ती याच खतावर. ती काढून काठावरच टाकली, तर कुजल्यावर हे खत पुन्हा पाण्यात उतरतं.

इथून पुढचं काम दलदलीचा काठ करतो. पाणकणसाचं खोड आडवं कापलं, की आत हवेच्या पोकळ्यांची जाळी दिसते. या वाटेनं पानांकडची हवा मुळांपर्यंत उतरते आणि मुळांभोवती चिखलाचा एक पातळ थर ऑक्सिजनयुक्त होतो. तिथले जिवाणू सांडपाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात. त्या थराबाहेर, काही मिलिमीटरवर, चिखलात ऑक्सिजन नसतो. तिथले दुसरे जिवाणू त्या नायट्रेटमधून नायट्रोजन वायू मोकळा करतात आणि तो हवेत निघून जातो. दोन्ही कामं इतक्या जवळ चालतात ती ओल, चिखल आणि मुळं एकत्र असतात म्हणूनच. काँक्रीटवर यातलं काहीच घडत नाही. पाणकणीस, लव्हाळे, वाळुंज यांनी भरलेला काठ ‘अस्वच्छ’ दिसतो म्हणून तो साफ करणं म्हणजे नदीचं मूत्रपिंड काढून टाकणं आहे.

म्हणूनच ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाबद्दल मला काळजी वाटते. लोकांना नदीजवळ जाता यावं, ही इच्छा रास्त आहे. परंतु भराव घालून आणि काठ बांधून काढून पूरमैदान आक्रसलं, तर पुराचं पाणी जाणार कुठे? जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक विसर्ग सुरू असताना सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं होतं.

शहराच्या खाली कवडीपाटला हिवाळ्यात चक्रवाक, शेकाटे, धोबी दिसतात. ते पाहून नदी बरी आहे असं मानू नये. यांतल्या काही पक्ष्यांना गाळातल्या अळ्यांची मेजवानी असते. स्वच्छ पाण्यातले मासे गेल्याची भरपाई त्यानं होत नाही.

विठ्ठलवाडीला आणि औंधला ‘जीवितनदी’ संस्थेच्या पुढाकारानं नागरिकांनी नदीकाठ दत्तक घेतले आहेत. अशा कामाला हात लावा. आपल्या सोसायटीचं ड्रेनेज नाल्यात सुटत नाही ना, हे स्वतः पाहा. जवळच्या ओढ्याला काँक्रीटच्या भिंती घालण्याचा प्रस्ताव आला, तर लेखी हरकत नोंदवा. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमेचं पाणी उजनीत साठतं आणि सोलापूर ते पितं.