लॅपटॉपची बॅटरी फुगते तेव्हा

ग्रामपंचायतीचे कार्यालय असो वा जिल्हा परिषदेची शाळा, लॅपटॉप हे आता दप्तराइतकेच नित्याचे साधन झाले आहे. या यंत्राचा कळफलक मध्यभागी उचलला जाणे, टचपॅड दबेनासा होणे, झाकण नीट न मिटणे किंवा सपाट टेबलावरही यंत्र डुगडुगणे, ही लक्षणे यंत्र जुने झाल्याची समजून पुष्कळदा दुर्लक्षिली जातात. वस्तुतः ती आतील बॅटरी फुगल्याची असू शकतात. असे यंत्र वापरात ठेवणे जसे धोक्याचे, तसेच ते कपाटात बंद करून विसरणेही धोक्याचेच.

फुगण्याचे कारण

लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. ती १९९१ साली प्रथम बाजारात आली. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा साठविणे हा या बॅटरीचा गुण. परंतु तिच्यातील द्राव ज्वलनशील असतो. बॅटरी दीर्घकाळ पूर्ण चार्ज अवस्थेत, विशेषतः उष्णतेत, राहिली की या द्रावाचे हळूहळू विघटन होऊन कार्बन डायऑक्साइडसारखे वायू निर्माण होतात. आजच्या बहुतेक सडपातळ लॅपटॉपमधील बॅटरी पातळ, बंद पाकिटात असते. वायूला वाट न मिळाल्याने हे पाकीट फुगते. बॅटरीचे वय, निर्मितीतील दोष, अयोग्य चार्जर व आघात हीदेखील फुगण्याची कारणे होत.

तातडीने काय करावे?

फुगलेली बॅटरी पूर्ववत होत नाही; ती बदलणे हाच उपाय. फुगवटा दिसताच यंत्र बंद करून चार्जर काढावा व पुन्हा चार्ज करू नये. झाकण दाबून बसवू नये. बॅटरीस टोचून वायू काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. त्यामुळे ती पेट घेऊ शकते. यंत्र कागदपत्रांपासून दूर, सावलीत, हवेशीर जागी फरशीवर ठेवावे आणि बॅटरी जाणकार तंत्रज्ञाकडूनच काढून घ्यावी. धूर येऊ लागल्यास तो विषारी असल्याने सर्वांनी खोलीबाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

शासकीय यंत्राची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत असते. त्यामुळे निर्लेखन होईपर्यंत ते अभिलेखांच्या कपाटात ठेवून देण्याकडे कल असतो. परंतु बॅटरी कागदोपत्री कार्यवाहीसाठी थांबत नाही. यंत्र त्याच दिवशी सुरक्षित जागी हलवून तशी लेखी नोंद घ्यावी आणि बॅटरी काढण्याबाबत वरिष्ठांना कळवावे. निर्लेखन यथावकाश होऊ शकते.

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्प्रक्रियेची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर असून, त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवणे हे वापरकर्त्याचे कर्तव्य आहे. म्हणून काढलेली बॅटरी घंटागाडीत वा भंगारात न टाकता उत्पादकाच्या सेवा केंद्राकडे किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावी व पोच घ्यावी.

प्रतिबंधक दक्षता

लॅपटॉप अहोरात्र चार्जरला जोडून ठेवू नये. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय अनेक यंत्रांत असते; तिचा उपयोग करावा. चार्जर त्या यंत्रासाठी विहित केलेलाच असावा. यंत्र गादीवर किंवा फायलींच्या ढिगावर ठेवून वापरल्यास हवेची छिद्रे झाकली जातात, ते टाळावे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत यंत्र ठेवू नये.

शाळांनी उन्हाळी सुट्टीपूर्वी एवढे अवश्य करावे : बॅटरी सुमारे निम्मी चार्ज करून यंत्र पूर्ण बंद करावे आणि पत्र्याच्या तापत्या छताखाली न ठेवता थंड, कोरड्या खोलीत ठेवावे. शाळा उघडताच, चार्जर जोडण्यापूर्वी, प्रत्येक यंत्र सपाट टेबलावर ठेवून पाहावे. या तपासणीस मिनिटभर पुरते. तिच्या अभावी मात्र वर्गखोली व विद्यार्थी, दोन्ही धोक्यात येऊ शकतात.