आई-वडिलांना नॉर्वेच्या क्रूझवर नेताना

उन्हाळा जवळ आला की आपल्याकडे भारतातून आई-वडील येऊ लागतात. पहिले दोन-तीन आठवडे टॉवर ब्रिज, विंडसर, एखादे मंदिर आणि नातेवाइकांकडची जेवणे यांत जातात. मग प्रश्न पडतो, आता यांना कुठे न्यायचे? युरोपच्या बस-सहली म्हणजे रोज सकाळी सहाला बॅगा भरून तयार. पंचाहत्तरीतल्या गुडघ्यांना ते झेपत नाही. म्हणून मंडळातली बरीच कुटुंबे साउथॅम्प्टनहून निघणाऱ्या नॉर्वेच्या क्रूझची चौकशी करतात. विचार उत्तम आहे, पण चौकशी बहुधा उलट्या टोकाने सुरू होते. आधी भाडे, मग फोटो, आणि व्हिसा-विमा पैसे भरून झाल्यावर!

उत्तर युरोपात जहाजाच्या सहली पुष्कळ आहेत, मग नॉर्वेच का? बाल्टिक समुद्राच्या सहलींतले मोठे आकर्षण असलेले सेंट पीटर्सबर्ग २०२२ पासून बहुतेक कंपन्यांच्या कार्यक्रमातून गेले. उरलेली टॅलिनसारखी जुनी शहरे सुंदर आहेत, पण ती दगडी फरसबंदीवर चालत पाहावी लागतात. आइसलंडला जाताना मोकळ्या अटलांटिकवर बराच काळ जातो. फियोर्डचे तसे नाही. डोंगरांच्या मध्ये समुद्राचे पाणी मैलोन्मैल आत शिरलेले असते आणि जहाज थेट त्या दरीत जाते. सोन्ये फियोर्ड तर २०० किलोमीटरहून अधिक लांब आहे. देखावा आपल्यापुढून सरकतो, पाहणाऱ्याने खुर्चीत बसून राहायचे. ज्यांना चालणे कमी झाले आहे त्यांच्यासाठी याहून सोयीची सहल मला तरी माहीत नाही. साउथॅम्प्टनहून निघाले तर विमानतळाची दगदगही वाचते.

आता आधी व्हिसाचे बघू, कारण बेत इथेच फसतात. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे. आई-वडिलांकडे भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर नॉर्वेला जाता येत नाही. शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. आणि हा अर्ज सर्वसाधारणपणे माणूस जिथे राहतो त्या देशातून करायचा असतो. ते इथे फक्त भेटीला आलेले असले तर लंडनमधून अर्ज स्वीकारला जाणे अवघड. म्हणजे ते मुंबईहून निघण्यापूर्वीच हे काम उरकले पाहिजे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. फी २०२४ च्या जूनपासून मोठ्या माणसांना ९० युरो आहे. कार्यक्रमपत्रिका नीट वाचा. जहाज नॉर्वेतून मध्येच शेटलंड किंवा ऑर्कनीला येऊन पुन्हा नॉर्वेत जाणार असेल तर एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरणार नाही. परत साउथॅम्प्टनला उतरायचे असल्याने ब्रिटनचा व्हिसाही अनेक प्रवेशांचा आहे ना, ते पाहा. कागद अपुरे असले तर जहाजावर चढू देत नाहीत आणि भाडे बुडते.

दुसरी गोष्ट विम्याची. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण व्हिसापुरता विमा आणि उपयोगी पडणारा विमा यांत फरक असतो. इथल्या बहुतेक कंपन्या इथल्या रहिवाशांनाच प्रवास-विमा देतात. पाहुण्यांचा विमा भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो. आपल्याकडचे ग्लोबल हेल्थ कार्ड, म्हणजे जीएचआयसी, आईला लागू होत नाही, आणि जहाजावरच्या दवाखान्यात तर ते आपल्यालाही लागू नाही. हा दवाखाना खासगी असतो. तपासणी, सलाईन, औषध, सगळ्याचे बिल केबिनच्या खात्यावर चढते आणि विम्याचे पैसे नंतर आपण मागायचे. म्हणून पॉलिसी घेताना तीन प्रश्न लेखी विचारा. त्यात नॉर्वे आणि समुद्रप्रवास दोन्ही धरले आहेत का? जहाजावरून हेलिकॉप्टरने हलवावे लागले तर तो खर्च मिळेल का? आणि आधीपासून असलेल्या आजारांचे काय? भारतीय पॉलिसींत मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी यांतून उद्भवलेली दुखणी बरेचदा वगळलेली असतात, किंवा केवळ जिवावर बेतले तरच आणि ठरावीक रकमेपर्यंत धरलेली असतात. काही लोक हप्ता कमी व्हावा म्हणून आजार लिहीतच नाहीत. असला शहाणपणा करू नये. दावा नाकारायला कंपनीला तेवढे कारण पुरते.

हे जुळले की मग जहाज. मी तर आधी जहाजाचे नावही पाहणार नाही, बंदरे पाहीन. प्रत्येक बंदरापुढे जहाज धक्क्याला लागते की खोल पाण्यात नांगर टाकते, हे विचारा. नांगर टाकले तर किनाऱ्यावर जायला लहान बोट असते, तिला टेंडर म्हणतात. हलत्या बोटीत पाऊल टाकायचे असते. ज्यांना ते जमणार नाही असे कर्मचाऱ्यांना वाटते त्यांना बोटीत घेतले जात नाही, आणि ते योग्यच आहे. गेइरांगरला २०१३ पासून तरंगता धक्का आहे, पण सगळ्या जहाजांना तो एकदम मिळत नाही. त्या दिवशी आपल्या जहाजाला तो आहे का, हे कंपनीला विचारावे. नसला तरी फार बिघडत नाही. १५ किलोमीटरच्या त्या फियोर्डची शोभा, ‘सात बहिणी’ नावाचा धबधबा धरून, पाण्यावरूनच पाहायची असते.

फ्लोम मात्र आजी-आजोबांसाठीच केल्यासारखे आहे. जहाज धक्क्याला लागते आणि रेल्वे स्टेशन तिथून जवळच. ही गाडी २० किलोमीटरमध्ये समुद्रपातळीपासून ८६७ मीटर चढते. आपल्या बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे. इथे बराच भाग १८ ला १ असा आहे! वाटेत २० बोगदे. उंचीने छातीत धडधडेल का, अशी भीती वाटत असेल तर महाबळेश्वर याहून पुष्कळ उंच आहे हे सांगा. गाडी एका धबधब्यापाशी काही मिनिटे थांबते. फलाट ओला असतो, तेव्हा उतरताना हात धरावा. तिकिटे मात्र लवकर संपतात.

ओल्डनजवळच्या लोएनला २०१७ पासून केबलकार आहे, ती १,००० मीटरच्या वर नेते. बर्गेनला डोंगरावर जाणारी फ्लोयेन रेल्वे आहे आणि पाऊस तर ठरलेलाच. ओलेसुंडला टेकडीवरून शहर पाहायला ४१८ पायऱ्या आहेत; वाहनाने वरपर्यंत जाता येते, त्यामुळे पायऱ्या तरुणांना सोडाव्यात. स्टाव्हांगरच्या त्या प्रसिद्ध सपाट कड्याचा फोटो प्रत्येक माहितीपत्रकात असतो. तिथवर जाऊन-येऊन आठ किलोमीटरची डोंगरातली चढण आहे. आई-वडिलांना तो कडा लिसे फियोर्डमधून बोटीने खालून दाखवावा.

केबिनच्या बाबतीत काटकसर कुठे करायची ते ठरवा. माझे मत असे की बाल्कनीची केबिन आई-वडिलांना द्यावी आणि आपण मुलांबरोबर आतल्या, बिनखिडकीच्या केबिनमध्ये राहावे. जहाज फियोर्डमध्ये शिरते ते बरेचदा पहाटे पाच-सहाला. वरच्या डेकवर तेव्हा बोचरा वारा असतो. माझ्या परिचयातल्या एक्याऐंशी वर्षांच्या एका आजी रोज शाल गुंडाळून बाल्कनीत बसायच्या आणि घरातल्या सगळ्यांपेक्षा त्यांनीच फियोर्ड जास्त पाहिले. केबिन जहाजाच्या मध्यावर, शक्यतो खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ घ्या. तिथे हेलकावे कमी लागतात. न्हाणीघराच्या दाराशी उंबरा असतो, त्याची कल्पना आधी द्या. आधाराच्या दांड्या आणि बिनउंबऱ्याची न्हाणी असलेल्या केबिन मोजक्याच असतात, त्या लवकर मागाव्या लागतात. एकट्याच आईला किंवा वडिलांना नेत असाल तर स्वतंत्र केबिनला दोघांचे भाडे पडू शकते. आणि केबिनमधला वरचा, शिडीचा पलंग आजींसाठी धरू नका.

फियोर्डमध्ये पाणी शांत असले तरी जाता-येताना उत्तर समुद्र ओलांडावा लागतो. बोट लागू नये म्हणून आपण घेतो त्या गोळ्यांनी आणि कानामागच्या हायोसिनच्या पट्टीने वयस्कर माणसांना गुंगी येते, क्वचित भ्रमही होतो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नये. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते. यादीत भारतातले ब्रँडचे नाव लिहिण्याबरोबर औषधाचे मूळ नावही लिहा, नाहीतर नॉर्वेतल्या डॉक्टरला काहीच कळणार नाही. जहाजाचे घड्याळ एक तास पुढे जाते, जेवणाच्या वेळा सरकतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

बर्गेनहून किर्केनेसपर्यंत जाऊन येणारी हुर्टिग्रुटेनची किनारी जहाजे १८९३ पासून चालू आहेत. बारा दिवस, ३४ बंदरे, आणि निसर्ग तर अप्रतिम. पण ती मुळात मालाची आणि गावकऱ्यांची जहाजे. कित्येक बंदरांत थांबणे थोडा वेळ, तेही रात्री, आणि जहाजावर डॉक्टर नसतो. हृदयविकार असलेल्यांना मी ती सुचवणार नाही.

महिना कोणता? मे-जूनमध्ये बर्फ वितळून धबधबे भरलेले असतात आणि शाळेच्या मोठ्या सुटीपेक्षा भाडेही कमी असते. जाहिरातीतल्या भाड्यात टिप, सहली, इंटरनेट हे बरेचदा धरलेले नसते. ते मिळवून मगच तुलना करा. अनामत बहुधा परत मिळत नाही.

शाकाहारी, बिनकांद्याचे जेवण आधी कळवले तर मिळते. साउथॅम्प्टनच्या जहाजांवर वाढणारा मुलगा गोव्याचा निघाला तर आईचा जेवणाचा प्रश्न तिथेच सुटतो. डब्याचे मात्र जपून: ब्रिटनमधून नॉर्वेत दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे किनाऱ्यावर जाताना तूप, पेढे केबिनमध्येच ठेवावेत. घरी केलेले पदार्थ बहुतेक जहाजांवर घेऊ देत नाहीत. बंद पाकिटातला चिवडा चालतो. स्वतःची विजेची किटली साधारणपणे काढून घेतात, तेव्हा केबिनमध्ये किटली असते का, हे बुकिंग करतानाच विचारा. सकाळचा चहा वेळेवर मिळाला नाही तर बाबांना फियोर्डही दिसणार नाही.