बेल्ट लावलाय, तरी गाडी ओरडतेय?

रायपुरात उरला-सिलतराकडची काळी धूळ खिडकीच्या गजांवर बसते, तशीच जुन्या गाडीच्या दारातही शिरते. दार घट्ट लावूनही दिवा जळत असेल, तर चौकटीतला रबरी टोपीचा स्विच पुसा आणि बोटाने दाबून पाहा. दिवा विझला, तर स्विच ठीक आहे. दारच नीट टेकत नाही. (काही गाड्यांत हा स्विच लॉकमध्येच असतो.)

बेल्टचा आवाज थांबत नाही? शेजारच्या सीटवरची भाजीची पिशवी आधी उचला, गाडी तिलाच माणूस समजते! मग बकलमधला बिस्किटांचा चुरा व्हॅक्यूमने काढा, तेल सोडू नका.

आवाज बंद करणारी क्लिप मात्र नकोच. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना ती विक्रीतून काढायला लावली. सीटखालची पिवळी वायर एअरबॅगची असू शकते. ती मेकॅनिकलाच हाताळू द्या.