अदृश्य कवचे – लेखांक ७ : हिवाळ्याच्या रात्री काशीत उतरणारी शीळ

काशीला गेलेला मराठी माणूस मणिकर्णिका घाटावरून उत्तरेकडे चार पावले चालला की शिंदे घाटावर येतो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास तो बांधला. दगडाचा भार एवढा झाला, की घाट खचला. शेजारचे रत्नेश्वराचे देऊळ आजही एका अंगाला कललेले दिसते. पावसाळ्यात या घाटासमोर, गंगेच्या पात्रावर वीज पडली की लखलखाट दिसतो आणि मागोमाग गडगडाट ऐकू येतो. डोळ्याला आणि कानाला एवढेच कळते. पण त्याच क्षणी विजेतून रेडिओलहरींचा एक जबरदस्त झोतही निघालेला असतो. त्याचा बराचसा भाग जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित पट्टा) यांच्यामध्ये आपटत-परतत दूरवर पसरतो. थोडासा भाग मात्र आयनांबर भेदून वर निसटतो. आजचा लेखांक या निसटलेल्या लहरीविषयी आहे.

जमिनीवर बसून वरचे ओळखण्याचे एक उदाहरण, कुलाब्याच्या वेधशाळेतली सप्टेंबर १८५९ ची नोंद, आपण मागच्या आठवड्यात पाहिले. चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याची ती नोंद होती. कुलाब्यावर वेध घेणाऱ्यांनी चुंबकसूचीकडे बघून आभाळातले चुंबकीय वादळ टिपले. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेध अलिबागला हलवावे लागले आणि १९०४ पासून ते तिथे सुरू झाले. या परंपरेतून उभी राहिलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था आज पनवेलला आहे. तिचे नाव आज पुन्हा येणार आहे.

वर निसटलेल्या लहरीचे पुढे काय होते? पृथ्वीभोवती सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन यांचा विरळ प्लाझ्मा आहे. त्यात शिरलेली लहर मनाला येईल तिकडे जात नाही. ती चुंबकीय बलरेषेच्या अंगाअंगाने वर चढते, विषुववृत्तावरून कमान करते आणि दुसऱ्या गोलार्धात जमिनीवर उतरते. या प्रवासात तिच्यातल्या साऱ्या वारंवारता एका वेगाने चालत नाहीत. उंच सूर पुढे सटकतात, खालचे सूर मागे रेंगाळतात. म्हणून निघताना क्षणभराचा 'टक्' असलेला आवाज पोहोचतो तो वरून खाली घसरत येणारी शीळ होऊन. ही रेडिओलहर असली तरी तिची वारंवारता काही किलोहर्ट्झ, म्हणजे आपल्या कानाच्या टप्प्यातली. लांब तारेच्या अँटेनाला वर्धक आणि स्पीकर जोडला की ती सरळ ऐकू येते.

मणिकर्णिकेवर संकल्प सोडून पंचक्रोशीच्या परिक्रमेला एकत्र निघालेली माणसे डोळ्यांपुढे आणा. तरणी पुढे जातात, म्हातारी मागे राहतात. वाट जितकी लांब आणि खडतर, तितके परतणाऱ्यांमधले अंतर जास्त. रस्ता न पाहताही नुसत्या त्या अंतरावरून त्याचा अंदाज बांधता येतो. शिळेचेही गणित हेच आहे. कमी अक्षांशांवरच्या शिळेत वारंवारता चौपट झाली की प्रवासाला लागणारा वेळ निम्मा होतो. ही घसरण किती लांबली, यावरून वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची घनता काढता येते.

पहिल्या महायुद्धात शत्रूच्या टेलिफोनतारांवर कान ठेवून बसलेल्या जर्मन बाजूला असल्या शिळा ऐकू आल्या आणि हाइनरिश बार्कहाउझेन यांनी त्यांची दखल घेतली. त्यांचा अर्थ मात्र १९५३ मध्ये केंब्रिजच्या ओवेन स्टोरी यांनी लावला. शिळा विजेच्या आहेत, त्या बलरेषांवरून पृथ्वीच्या त्रिज्येच्या काही पट लांब जाऊन येतात, आणि एवढ्या लांबही प्लाझ्मा आहे, असा तो निष्कर्ष होता. पहिला कृत्रिम उपग्रह सुटायला तेव्हा चार वर्षे होती! दहा वर्षांनी स्टॅनफर्डच्या डॉन कार्पेंटर यांना शिळांमध्येच आढळले, की ठरावीक अंतरापलीकडे ही घनता एकदम कोसळते. सोव्हिएत चांद्रयानांवरच्या उपकरणांतून कॉन्स्टंटिन ग्रिंगाउझ त्याच सीमेपाशी पोहोचले होते. एकाने यान धाडले, दुसऱ्याने जमिनीवर कान लावला, आणि दोघांची सीमा एकच निघाली. अवकाशयुगाच्या कथेत ही जमिनीवरची बाजू कमी सांगितली जाते, हे मला खटकते.

काशीचा संबंध इथे येतो. शिळा ऐकण्याचे मोठे काम युरोप, अमेरिका, अंटार्क्टिका अशा उंच अक्षांशांवर झाले. असी घाटापलीकडच्या बनारस हिंदू विद्यापीठातल्या बी. ए. पी. तंत्री आणि आर. पी. सिंग यांच्या गटांनी गुलमर्ग, नैनीताल आणि वाराणसी इथे त्या नोंदवल्या. वाराणसीचा भूचुंबकीय अक्षांश जेमतेम १५ अंश. तिथून निघणारी बलरेषा विषुववृत्तावरही काहीशे किलोमीटरच उंच जाते, म्हणजे ती बहुतांशी आयनांबरातच राहते. इतक्या ठेंगण्या कमानीवरून शीळ पोहोचते कशी, की ती कुठे उत्तरेला उतरून मग जमिनीलगत काशीपर्यंत येते, यावर बरीच वर्षे वाद चालला.

मला सर्वांत मोलाची वाटते ती यातली एक साधी गोष्ट. काशीत ऐकू येणारी शीळ बहुधा काशीच्या विजेची नसते. काशीतून निघालेल्या बलरेषेचे दुसरे टोक हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या दक्षिणेला दहाएक अंशांवर आहे. शिंदे घाटासमोरच्या आषाढातल्या विजेची लहर तिकडे, निर्मनुष्य पाण्यावर उतरत असणार. उलट आपल्या माघाच्या कोरड्या, निरभ्र रात्री दक्षिणेत उन्हाळा असतो, तिथली वादळे गाजत असतात, आणि काशीतल्या शिळा मुख्यतः हिवाळ्यातल्या रात्रींच्याच आहेत. दिवसा आयनांबराचा खालचा थर लहर शोषून घेतो, म्हणून रात्र लागते.

२००७ च्या आंतरराष्ट्रीय सौरभौतिकी वर्षाच्या निमित्ताने वाराणसी, नैनीताल आणि प्रयागराज इथे स्टॅनफर्डने घडवलेली अतिनिम्न वारंवारतेची ग्राहक-यंत्रे बसली. यातले प्रयागराजचे केंद्र झुंशीजवळ आहे आणि ते पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेचेच. तिथल्या राजेश सिंग, स्नेहा गोकाणी आणि सहकाऱ्यांनी वर्षभराच्या शिळा जागतिक वीजनोंदींशी ताडून पाहिल्या. बहुतेक शिळांच्या विजा बलरेषेच्या दुसऱ्या टोकाच्या परिसरातच सापडल्या. ठेंगण्या कमानीवरूनही लहर येते, या बाजूला २०१५ च्या या कामाने भक्कम आधार दिला.

आता गुरूकडे वळू. मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ गुरूजवळून गेले, तेव्हा त्याच्या प्लाझ्मालहरींच्या उपकरणात अशाच घसरत्या शिळा आल्या. यान तेव्हा आयो या उपग्रहाच्या कक्षेजवळ होते. आयोच्या ज्वालामुखींतून निघालेल्या गंधक आणि प्राणवायूच्या आयनांचे एक वलय तिथे गुरूभोवती फिरते. त्या वलयातून आलेल्या शिळांनी दोन गोष्टी एकदम सांगितल्या : गुरूवर वीज चमकते, आणि वाटेतला प्लाझ्मा किती दाट आहे. पृथ्वीबाहेरच्या विजेचा तो पहिला ठाम पुरावा. व्हॉयेजरच्या कॅमेऱ्याने गुरूच्या रात्रीच्या बाजूवरचे लखलखाटही टिपले. पण शिळेचा अर्थ लावण्याची रीत पृथ्वीवर, अँटेना रोवून बसलेल्या माणसांनी आधीच बसवलेली नसती, तर गुरूजवळच्या त्या शिळांचा आलेख वाचायचा कसा?

२०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानाने यात मोठी भर घातली. ते गुरूच्या अगदी जवळून जाते, म्हणून तिथल्या शिळा फार आखूड, मिलिसेकंदांच्या हिशेबातल्या आहेत. २०१८ मध्ये इव्हाना कोलमाशोव्हा आणि सहकाऱ्यांनी अशा १६०० हून जास्त नोंदी प्रसिद्ध केल्या. काही ठिकाणी सेकंदाला चार विजा! आणि पृथ्वीवर विषुववृत्ताजवळ गर्दी करणारी वीज गुरूवर ध्रुवांकडे जास्त आढळते. सूर्याची ऊब तिथे तुटपुंजी असल्याने आतून येणारी उष्णता ध्रुवांपाशी वातावरण जास्त ढवळते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

मात्र प्रत्येक शीळ विजेची नसते. शुक्रावर अशा लहरी आढळल्यापासून तिथे वीज आहे का, हा वाद दशकानुदशके चालू आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये पार्कर सौरयान शुक्राजवळून गेले, तेव्हा त्या लहरी पुन्हा भेटल्या. विजेच्या असत्या, तर त्या शुक्राकडून बाहेर जाताना दिसायला हव्या होत्या. निघाल्या त्या शुक्राकडे चाललेल्या. म्हणजे त्यांचे उगमस्थान वातावरणातली वीज नव्हे. हे कळले, कारण यानावर विद्युत आणि चुंबकीय अशी दोन्ही क्षेत्रे एकत्र मोजली गेली आणि लहरीची दिशा काढता आली. नुसत्या जमिनीवरच्या एका अँटेनाला हे जमले नसते, हेही तितकेच खरे.

विजेशिवाय शीळ घुमते तरी कशी? याचे उत्तम उदाहरण बुध. तिथे ढग नाहीत, वातावरण जवळजवळ नाहीच. तरी बेपीकोलंबो यानाला २०२१ आणि २०२२ मध्ये बुधाजवळून जाताना तशाच जातीच्या, पण विजेशी संबंध नसलेल्या लहरी मिळाल्या. त्या बलरेषांत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांतूनच उठतात. ते कसे, हे पुढच्या आठवड्यात.