वय झाले म्हणून विसर, की स्मृतिभ्रंश?

शिंदे घाटाच्या गल्ल्यांत आयुष्य काढलेली आपल्या घरातील वडीलधारी व्यक्ती ओळखीच्या वळणावर वाट चुकू लागली, तर ‘वयच झाले’ म्हणून दुर्लक्ष करू नका.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण सर्वत्र सारखे नाही : दिल्लीत सुमारे ४.५, तर जम्मू-काश्मीरमध्ये ११ टक्के. ग्रामीण भागात व स्त्रियांमध्ये ते अधिक आढळते; शिक्षणाच्या संधींतील तफावत हे त्याचे एक कारण मानले जाते.

बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही विसर पडतो. तो उपचारांनी सुधारू शकतो. म्हणून तपासणी लवकर करून घ्या. रक्तदाब व मधुमेह नियंत्रणात ठेवा.

सल्ल्यासाठी टेली-मानस : १४४१६ (निःशुल्क).